राखून ठेवलेला शब्द

आमच्या अब्बांकडे एक शब्द होता आणि तो ते सहजासहजी कुणाला देत नसत. शब्द होता शिताफी.

अब्बा म्हणजे झहूर सर. उरणच्या शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं, पण त्यांना लोक ओळखतात ते कबड्डीच्या मैदानावरचे समालोचक म्हणून. तळोज्यापासून मोऱ्यापर्यंत कुठल्याही गावात स्पर्धा असो, मंडळवाले आधी झहूर सरांची तारीख घेतात आणि मग मॅटवाल्याला फोन करतात. या मुसलमान मास्तरांचं मराठी ऐकायला आगऱ्यांची म्हातारी माणसं घरून खुर्च्या घेऊन येतात, आणि यात कुणालाच काही विशेष वाटत नाही.

चांगल्या चढाईला ते चपळाई म्हणत, चांगल्या पकडीला ताकद म्हणत. कुणी पंचांची नजर चुकवून काही केलं तर सरळ चलाखी म्हणत, आणि ते म्हणताना त्यांचं नाक वर जाई. शिताफी मात्र राखून ठेवलेली असे. "मांजर चपळ असतं, कोल्हा चलाख असतो," ते वर्गात सांगायचे. "हात आणि डोकं एकाच क्षणी एकच काम करतात, तेव्हा तिला शिताफी म्हणायचं. हे फक्त माणसाला जमतं." पेपर वाचताना त्यांचा जीव जळे. पोलिसांनी शिताफीने अटक केली, अशी बातमी आली की म्हणत, "चोर घरात पंख्याखाली झोपला होता. यात शिताफी कुठून आली? दार तर त्याच्या बायकोनं उघडलं!" फारसीत या शब्दाचं मूळ म्हणजे नुसती घाई, मराठीने त्या घाईला डोकं दिलं, हेही त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

म्हणून एखाद्या पोरीनं तीन जणींच्या कचाट्यातून अंग काढून मध्यरेषा गाठली आणि अब्बांच्या तोंडून तो शब्द आला, की मैदान उभं राहायचं. गावातल्या बायका पुढे लग्न जमवताना सांगायच्या, झहूर सरांनी हिला शिताफी म्हटलंय.

मला त्यांनी कधी म्हटलं नाही. म्हणायचं कशाला? मी नूरीन, घरातली वेंधळी. कप माझ्या हातून फुटायचे, सुई माझ्याच बोटात जायची, बोलायला उभी राहिले की दुसऱ्या वाक्याला घसा कोरडा. लंगडी खेळताना एकदा मी दोघींना चुकवून निसटले, आणि धापा टाकत अब्बांकडे बघितलं. ते म्हणाले, "बरी पळालीस." बरी! अजून आठवलं तरी राग येतो. आता मी बेलापूरला विम्याच्या ऑफिसात आहे आणि शनिवार-रविवारी अब्बांच्या शेजारी बसून गुण लिहिते. तेवढं एक काम मी न चुकता करते.

त्या शनिवारी आम्ही तळोज्याच्या अलीकडे एका गावात होतो. मैदानाच्या एका बाजूला गावदेवीचं देऊळ आणि बाकी तीन बाजूंना टॉवर. स्पर्धा गावदेवी क्रीडा मंडळाची, अध्यक्ष प्रीतमशेठ, बिल्डर. जिल्ह्याच्या निवड समितीच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मुलींचा जिल्हा संघ त्या याच स्पर्धेतून काढणार होत्या, त्यामुळे प्रत्येक पोरगी जीव तोडून खेळत होती.

उपांत्य सामना यजमानांचा आणि पावणे गावच्या पोरींचा. पावण्याची कप्तान रंजिता, उजव्या कोपऱ्यात खेळणारी, बुटकी, रुंद खांद्याची. दिवसा ती पावण्यातच एका वर्कशॉपमध्ये पॅकिंग करते आणि संध्याकाळी सरावाला येते. तिचं खेळणं अब्बांना फार आवडे. यजमानांकडे सोनल होती, प्रीतमशेठची पुतणी, लांब पायांची आणि खरंच चांगली.

शेवटचं मिनिट. गुण समसमान. चढाई सोनलची, आणि ही शेवटचीच.

नेमकी तेव्हा चिठ्ठी आली. गावच्या स्पर्धांत चिठ्ठ्या येतच राहतात. कुणी पाण्याच्या बाटल्या दिल्या, कुणी ट्रॉफी दिली, त्यांची नावं मध्येमध्ये माईकवरून वाचावी लागतात, नाहीतर माणसं रुसतात. प्रीतमशेठनं चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आत्ताच वाचायला सांग सरांना, देनगी देनारं पावनं निघालेत." मी ती अब्बांसमोर सरकवली. मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही.

अब्बांनी मान खाली घातली, चष्मा वर केला आणि वाचू लागले. अक्षर गिचमिड होतं. मी मैदानाकडे बघत होते. सोनल आत शिरली, उजवीकडे झुकली आणि एकदम डावा पाय रंजिताकडे फेकला. रंजितानं पाऊल मागे घेतलं. दोघींच्या पायांमध्ये चांगलं वीतभर अंतर राहिलं. मी ते माझ्या डोळ्यांनी बघितलं. सोनल त्याच झेपेत मध्यरेषेवर येऊन पडली, हात वर केला आणि रंजिताकडे बोट दाखवून ओरडली. मैदानानं एकच गलका केला.

अब्बांनी मान वर केली ती त्या गलक्यावर. चढाई संपली होती. समालोचकाला गप्प राहता येत नाही, आणि मला वाटतं, त्या क्षणाला त्यांना काही सुचलं नाही, म्हणून जे सगळ्यात जपून ठेवलेलं होतं तेच बाहेर आलं.

"शिताफी!" ते माईकमध्ये ओरडले. "याला म्हणतात शिताफी!"

झालं. लोक खुर्च्यांवर चढले. ढोल सुरू झाला. पंच पोरसवदा होता, त्यानं रेषापंचाकडे बघितलं, रेषापंचानं खांदे उडवले. रंजिता मात्र शांत होती. ती पंचाजवळ गेली आणि म्हणाली, "नाय लागला. सरांना विचारा. सरांनी बगलं असंल."

नियमात हे बसत नाही. पण या पट्ट्यात झहूर सरांचा डोळा सगळे मानतात. पंच आमच्या टेबलाशी आला. अब्बांनी माईक बंद केला. खासगी बोलायचं तर माईक आधी बंद करायचा, ही त्यांची जुनी सवय. पंचानं विचारलं, "सर, पाय लागला का?"

अब्बांच्या डाव्या हाताखाली ती चिठ्ठी अजून तशीच होती. रंजिता मध्यरेषेपाशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, आता सर सांगतील म्हणून.

"लागला," अब्बा म्हणाले.

मी पेन धरून बसले होते. पंचानं गुण दिला आणि तो मी लिहिला. माझ्याच अक्षरात, स्वच्छ.

रंजितानं हुज्जत घातली. "आयशपत नाय लागला!" म्हणाली. पंचानं पिवळं कार्ड दाखवून तिला बाहेर काढलं. पोरं तिला खोटारडी, खोटारडी म्हणत शिट्ट्या मारू लागली. निवड समितीच्या बाई शेजारच्या माणसाला म्हणाल्या ते मला ऐकू आलं: "खेळ चांगला आहे हो हिचा, पण मैदानात खोटं बोलणारी पोरगी संघात नको." रंजिता बाकावर जाऊन बसली. ती रडली नाही. ती अब्बांकडे बघत राहिली, आणि मला टेबलाखाली जावंसं वाटलं.

घरी येईपर्यंत त्या चढाईची रील निघाली होती. कॅमेरा पंचाच्या पाठीमागे, त्यामुळे पाय लागला की नाही ते काहीच दिसत नव्हतं. आवाज मात्र ऐकू येत होता. अम्मीनं, म्हणजे माझ्या आईनं, करिमुन्निसानं, ती चारदा लावली. "काय आवाज लागलाय तुमचा!" ती म्हणाली. अब्बांना फोनवर फोन येत होते आणि प्रत्येकाला ते चढाई समजावून सांगत होते. पहिल्याला सांगितलं, अंगठा लागला. दुसऱ्याला सांगितलं, अंगठ्याचं टोक घोट्याला लागलं. तिसऱ्या फोनपर्यंत रंजिताचं पाऊल क्षणभर कसं थरथरलं तेही आलं. मी ताट वाढत होते. न बघितलेली चढाई माझ्यासमोर बोट बोट घडत होती, आणि इतकी सुंदर की माझाच विश्वास बसायची वेळ आली.

फोन संपल्यावर मी म्हटलं, "अब्बा, तुम्ही चिठ्ठी वाचत होता."

"तू गुण लिहीत होतीस," ते म्हणाले.

"मी बघत होते. नाही लागला."

अम्मीनं मोबाइल उलटा ठेवला. तिला सगळं कळलं असावं. चाळीस वर्षं संसार केलाय तिनं. ती फक्त म्हणाली, "जेवन निवतंय." अब्बांनी मासळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. मग म्हणाले, "शब्द सुटला की सुटला, नूरी. मग त्याच्या मागनं धावावं लागतं."

"त्या पोरीचं नाव जाईल."

"उद्या माझा सत्कार आहे. तिथं सगळ्यांसमोर सांगतो." ते उठले, हात धुतले. ताट भरलेलंच होतं. त्यांनाही लाज वाटत होती, हे मला दिसत होतं, आणि म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

रविवारी संध्याकाळी अंतिम सामन्याआधी सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि काचेची एक ट्रॉफी, तिच्यावर सोनेरी अक्षरांत तोच शब्द कोरलेला. प्रीतमशेठ भाषणात म्हणाले, "सरांसारखा मानूस नाय. सर बोलले म्हंजे विषय संपला." पावण्याच्या पोरी कोपऱ्यात बसल्या होत्या, हरलेल्या संघांनाही शेवटपर्यंत थांबावं लागतं, कारण जिल्ह्याचा संघ तिथंच जाहीर व्हायचा होता. बाईंच्या मांडीवर फाइल होती.

अब्बा उभे राहिले.

"काल," ते म्हणाले, "माझ्या तोंडून एक शब्द घाईनं निसटला." मैदान शांत झालं. "आयुष्यभर मी मुलांना शिकवलं की शब्द तोलून वापरा. काल हा म्हातारा मास्तर स्वतःच तोल विसरला. पावण्याची रंजिता ही गुणी खेळाडू आहे. खेळात मनं दुखावतात. माझ्या एका शब्दानं तिच्या मनाला लागलं असेल, तर मी या गावदेवीसमोर, तुम्हा सर्वांसमोर, तिची क्षमा मागतो. मास्तरानं विद्यार्थ्याची माफी मागण्यात कमीपणा नसतो."

आणि हात जोडले.

टाळ्या! कालच्यापेक्षा जास्त. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. प्रीतमशेठनं अब्बांना मिठी मारली. निवड समितीच्या बाईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या आणि फाइल त्यांच्या मांडीवर बंदच होती. अब्बांनी माफी मागितली होती, आणि पाय लागला नव्हता हे सांगितलं नव्हतं. मी बघितलं नाही, हेही नाही. सगळं बोलून त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. शरमेनं माझे कान तापले. खोटं त्यांना इतकं छान जमतं हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत झालं ते असं, सगळ्या गावाच्या टाळ्यांत.

ते खाली बसले, माईक बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगितलं."

"काय सांगितलं?" मी विचारलं. शाल खांद्यावरून घसरत होती ती ते सावरत राहिले.

अंतिम सामन्याची तयारी चालू होती. मॅट पुसत होते, लोक वडापावच्या गाडीकडे पांगत होते. तेवढ्यात रंजिता आमच्या टेबलाशी आली. वाकून अब्बांच्या पाया पडली. ते आशीर्वादाला हात वर करणार, तोच ती म्हणाली, "सर, तुमी माफी कशाची मागितली?"

अब्बा गडबडले. "अगं, तुझं मन..."

"मनाचं जाऊ द्या. मला येवढंच सांगा, तुमी बगलं होतं का?"

टेबलावरच्या त्या माईकला बुडाशी बटण होतं, माझ्या बाजूला. बटण दाबलं की खट्ट आवाज व्हायचा आणि शेजारचा लाल दिवा लागायचा. या दोन गोष्टी मला ठाऊक होत्या आणि त्यांचं काय करायचं हे मला तेव्हाच, एकदम कळलं. मी खोकले. खोकता खोकता अंगठ्यानं बटण दाबलं आणि गुणपत्रिका सरकवल्यासारखं करून तळवा लाल दिव्यावर ठेवला. विचार केला असं म्हणू शकत नाही. पण अंगठा चुकून पडला असंही म्हणू शकत नाही. जन्मभर कप फोडणारा माझा हात त्या वेळी जराही हलला नाही.

अब्बा रंजिताकडे बघत होते. तिच्यासमोर त्यांचे सगळे शब्द संपले असावेत.

"नाही बघितलं," ते म्हणाले.

कर्णे मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होते. नाही बघितलं, हे तिकडून आलं, टॉवरवर आपटून पुन्हा आलं. लोक थांबले. वडापाववाल्यानं झारा वर धरला. अब्बांनी आधी आवाजाकडे मान वळवली, मग माईककडे बघितलं आणि मग माझ्या तळव्याकडे. माझ्या बोटांच्या फटींतून लाल उजेड येत होता.

त्यांना माझा हात बाजूला करता आला असता. हसून, घसा खाकरून, एखाद्या वाक्यात सगळं सावरता आलं असतं; त्यांच्याइतकं ते कुणाला जमलं नसतं. मी त्याचीच वाट बघत होते. पण त्यांनी माईक जवळ ओढला.

"मान खाली होती माझी," ते म्हणाले. आवाज समालोचकाचा नव्हता, घरातला होता. "चिठ्ठी वाचत होतो. चढाई बघितलीच नाही. पंचांनी विचारलं तेव्हा तसं सांगायची लाज वाटली, म्हणून लागला म्हणालो. ते खोटं होतं. ही पोरगी खरं बोलत होती. आताची माफीही खोटीच होती."

कुणी टाळी वाजवली नाही. मागून कुणीतरी "च्यायला" म्हणालं. प्रीतमशेठ धावत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "सर, काय हे? यूट्यूबवर लाइव्ह हाय सगळं!" मग जरा थांबून, "फायनल दुसरा कोन करील. टेन्शन नका घेऊ, तुमी घरी जा." सोनल मॅटच्या कडेला बुटाची नाडी सोडत आणि बांधत होती. निवड समितीच्या बाईंनी फाइल उघडली आणि बोटानं रंजिताला बोलावून घेतलं. रंजिता अब्बांकडे न बघताच निघाली. माझ्याकडे मात्र एकदा बघून गेली, आणि त्या बघण्यात आभार होते की आणखी काही, ते मी अजून ठरवू शकले नाही. जिल्ह्याचा संघ त्या दिवशी जाहीर झालाच नाही, आठवड्यानं झाला, आणि त्यात तिचं नाव होतं.

अब्बांनी शालीची घडी घालून खुर्चीवर ठेवली. ट्रॉफी तिथंच राहिली. कुणी थांबा म्हणालं नाही. ज्या मैदानात त्यांना गेटपर्यंत सोडायला दहा माणसं यायची, तिथून आम्ही दोघं चपला शोधत निघालो.

गाडी मी चालवत होते. उरणच्या रस्त्याला कंटेनर उभेच होते, रांग पुढे सरकत नव्हती. बापाला भर मैदानात उघडं पाडलं होतं मी, आणि तेही समोरून नाही. समोरून बोलायची माझ्यात धमक नव्हती. शनिवारी पेन हातात धरून गप्प बसले, रविवारी खोकून बटण दाबलं. अब्बा खोटं बोलले म्हणून मला त्यांची लाज वाटत होती, आणि आता त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

"बटण कधी दाबलंस?" त्यांनी विचारलं.

"खोकले तेव्हा."

"म्हणजे खट्ट झालेलं ऐकू येऊ नये म्हणून खोकलीस."

"हो."

"आणि दिवा दिसू नये म्हणून तळवा."

"अब्बा, माफ करा. मी असं करायला..."

"थांब." त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्गात फळ्यावर उत्तर तपासताना असायचा तसा आवाज होता. "हात आणि डोकं, एकाच क्षणी. मी समोर बसून मला कळलं नाही." समोरच्या कंटेनरचे मागचे दिवे त्यांच्या चष्म्यावर पडले होते. "शिताफी, नूरी," ते म्हणाले.

कौतुक होतं ते. खरं कौतुक, मी त्यांचा आवाज ओळखते. पुढची गाडी हलली तरी मी तशीच बसून होते, मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा गिअर टाकला.

लहानपणी हा शब्द मिळाला असता तर मी गल्लीभर नाचत सांगितलं असतं. घरी पोचल्यावर अम्मीनं दारातच विचारलं, काय झालं. मी तिला सगळं सांगितलं. चिठ्ठी, माफी, बटण, प्रीतमशेठ, सगळं. गाडीत अब्बा मला काय म्हणाले, तेवढं सोडून.